भांडे जुने, कल्हई नवी

घरात स्टीलची भांडी आली, तेव्हा आमच्या आजीने तांब्यापितळेची भांडी मोडीत घालू दिली नाहीत. "भांडं नातवंडांपर्यंत टिकतं; झिजते ती कल्हई," असे ती म्हणे. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाक्य पुढे एका इंग्रजी यंत्राच्या दुरुस्तीत आठवावे लागेल, अशी कल्पनाही तेव्हा नव्हती. आणि आठवले तेही जरा उशिराच आठवले. त्याचीच ही हकीगत.

गेल्या वर्षी पगाराची थोडी थकबाकी हाती आली. आमचे अण्णा ब्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी त्यांनी हौसेने जमवलेल्या नाट्यसंगीताच्या तबकड्या तीस वर्षे ट्रंकेत पडून होत्या. तबकडी फिरवणारे यंत्र आणि त्यापुढची एक छोटी पेटी एका मित्राने देऊ केली होती. उणीव होती ती आवाज मोठा करून स्पीकरला पोचवणाऱ्या अँप्लिफायरची. अशा वेळी मुंबईच्या जुन्या बाजारात काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या 'क्वाड टू'ची जोडी दिसली आणि माझा तोल गेला. दोन पेट्या, प्रत्येकीचे वजन आठेक किलो. टॅक्सीतून उतरवून घरात आणल्या तेव्हा सौ.ने किंमत विचारली आणि "एवढ्यात नवा फ्रीज आला असता," एवढेच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

फ्रीजपेक्षा मोलाचे असे या पेटीत काय आहे, ते सांगायला हवे. पीटर वॉकर या गृहस्थाने १९३६ साली लंडनमध्ये एक छोटी कंपनी काढली. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांमुळे ती हंटिंग्डन या गावी हलली. तेथे १९५३ साली क्वाड टू बनू लागला. 'क्वाड' ही चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. मथितार्थ, घरगुती उपयोगाचा दर्जेदार अँप्लिफायर. शक्ती अवघी १५ वॅट. आजच्या जाहिरातींतले शेकड्यांचे आकडे वाचणाऱ्याला हसू येईल. परंतु आपल्या दिवाणखान्यात गाणे ऐकायला १५ वॅट पुष्कळ होतात. १९६७ साली याच कंपनीने ट्रान्झिस्टरचा 'क्वाड ३०३' आणला आणि काचेचे राज्य ओसरू लागले.

आता, पेट्या दोन का? तर एका पेटीतून एकच आवाज निघतो, एकाच स्पीकरसाठी. स्टीरिओ तबकड्या दुकानांत आल्या त्या १९५८ साली. तोवर घरोघरी एकच स्पीकर आणि एकच पेटी असे. पुढे ज्यांना स्टीरिओ हवे झाले, त्यांनी पहिलीच्या शेजारी दुसरी आणून ठेवली. म्हणून आज जोडी म्हणून विकायला येते ती पुष्कळदा ठरवून जमवलेली असते. दोन्ही पेट्यांवरचे क्रमांक ताडून पाहावेत. ते दूरचे निघाले म्हणून व्यवहार मोडायचे कारण नाही. मात्र दोघींची प्रकृती निराळी असणार, हे धरून चालावे.

हे सारे शहाणपण मला नंतर आले. त्या संध्याकाळी मात्र अण्णांना चकित करायचे म्हणून मी एक पेटी स्पीकरला जोडली आणि बटण दाबले. व्हॉल्व्ह उजळले. पाहता पाहता एका मोठ्या व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद झाला. मला वाटले, जुन्या लोकांनी वाखाणलेली ती ऊबदार लाली हीच! मी कौतुकाने पाहत बसलो. स्पीकरमधून घोंगावल्यासारखा आवाज येऊ लागला, मग डांबर जळल्याचा वास, आणि मग काहीच नाही. आतल्या खोलीतून अण्णांनी विचारले, "काय रे जळलं?" मी म्हणालो, "काही नाही, अण्णा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेट्या घेऊन गिरगावातल्या एका माडीवर गेलो. तेथे एकोणऐंशी वर्षांचे एक काका अजून व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी पेटी उघडली, वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मास्तर, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तुम्ही उठवून एकदम धावायला लावलंत."

मग त्यांनी मला धडा दिला. व्हॉल्व्हच्या मधोमध एक नळी तापते. तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन भोवतीच्या पत्र्याकडे धावतात. वाटेत बारीक तारेची जाळी असते. गाण्याचा नाजूक संदेश या जाळीवर येतो आणि इलेक्ट्रॉनांचा लोंढा आपल्या तालावर कमीजास्त करतो. नारिंगी चमकायची ती फक्त मधली नळी. पत्रा काळाच राहिला पाहिजे. या पेटीत 'केटी ६६' नावाचे दोन मोठे व्हॉल्व्ह असतात. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींनी आळीपाळीने खुंटा ओढावा, तसे ते काम करतात. त्यांच्याकडे दाब मोठा पण प्रवाह थोडा. स्पीकरला हवे नेमके उलट. म्हणून मध्ये ट्रान्स्फॉर्मर बसतो आणि मोठी नोट मोडून सुटे पैसे द्यावेत तशी देवघेव करतो. त्याच्या तारांचे थरावर थर मोठ्या कौशल्याने गुंडाळलेले असतात. पेटीचा जीव आणि तिचे वजन, दोन्ही त्यात.

आणि या जिवाचे रक्षण कोण करतो? एक चिमुकला कंडेन्सर. गाणे जाळीपर्यंत जाऊ द्यायचे आणि आधीच्या व्हॉल्व्हवरचा उच्च दाब अडवायचा, हे त्याचे काम. साठ वर्षांनी तो पाझरू लागतो. मग जाळीचा ताबा सुटतो, व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढतो, पत्रा लाल होतो आणि अखेर ट्रान्स्फॉर्मर जळतो. दोन वडापावांच्या किमतीचा कंडेन्सर मी बदलला नव्हता. त्यापायी जीव गेला होता.

दुसरी पेटी आम्ही रीतसर हाती घेतली. ०.१ मायक्रोफॅरडचे दोन्ही कंडेन्सर नवे घातले. वीज साठवून तिची घरघर घालवणारे मोठे कंडेन्सर बदलले. दोन्ही केटी ६६ ना मिळून असलेला १८० ओहमचा रेझिस्टन्स उन्हाने करपल्यासारखा झाला होता, तोही बदलला. अमेरिकन पेट्या ११७ व्होल्टच्या. त्यांना आपल्याकडे वेगळा ट्रान्स्फॉर्मर लागतो. इंग्रजी पेटीला तो लागत नाही. तरी आतली जोडणी आपल्या २३० व्होल्टशी जुळते ना, हे पाहून घेतले. पहिल्यांदा वीज दिली ती मध्ये जुन्या पद्धतीचा, तारेचा शंभराचा दिवा जोडून. दिवा भगभगीत पेटून राहिला तर आत खोट आहे. पेटून मंदावला तर पुढे जावे. आत तीनशेहून अधिक व्होल्ट खेळतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत ते दबा धरून बसतात. त्यामुळे ज्याला हे काम येत नाही त्याने झाकण उघडूच नये. काका स्वतःसुद्धा मोजमाप घेताना एक हात खिशात ठेवतात.

जुन्या वस्तू जमवणारे एक स्नेही मात्र हळहळले. "मूळचे भाग काढलेत? किंमत उतरली!" तेव्हा मला आजी आठवली. ट्रान्स्फॉर्मर हे भांडे आणि कंडेन्सर ही कल्हई. कल्हई जुनी म्हणून जपायची आणि भांडे किटवायचे, याला जतन म्हणत नाहीत. काढलेले भाग मी पाकिटात घालून ठेवले आहेत. पुढेमागे कोणाला हवे असतील तर असोत. व्हॉल्व्ह मात्र तपासणीत चांगले निघाले, म्हणून तेच राहिले. ते गेले तरी अडणार नाही. केटी ६६ आजही स्लोव्हाकिया, चीन आणि रशियात बनतात.

एका रविवारी सकाळी ती पेटी एकाच स्पीकरला जोडून बालगंधर्वांची तबकडी लावली. अण्णा आरामखुर्चीत ताठ बसले. बाजू संपेपर्यंत बोलले नाहीत. सौ. दारात परात घेऊन उभी होती. तिनेही फ्रीजचा विषय काढला नाही. मी ओशाळून म्हणालो, "अण्णा, खरं तर दुसरी पेटीही होती. ती माझ्या हातून जळली."

"वास आला होता मला," अण्णा म्हणाले. "पण दुसरी हवी कशाला? नारायणरावांना गळा एकच होता."

दुसरी पेटी काकांच्या माडीवर आहे. ट्रान्स्फॉर्मर उलगडून पुन्हा गुंडाळायचे त्यांनी कबूल केले आहे, पण एका अटीवर. "वेढे मोजायला दर शनिवारी तुम्ही बसायचं, मास्तर. माझ्यामागे हे कोणाला तरी यायला हवं."

मी दर शनिवारी जातो. वेढे मोजतो, चुकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो.