अज्ञान खातेदार

आमच्या इमारतीत सातवीतली एक मुलगी राहते. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिच्या फोटोला डुकराचे कान लावले आणि त्याचा व्हॉट्सॲप स्टिकर केला. मुलांनी बाईंना वगळून काढलेल्या ग्रुपवर तो पंधरा दिवस फिरत होता. डबा रोज तसाच परत येऊ लागला, तेव्हा आई तिला पोटाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली!

शेवटी शाळेत पालकांची बैठक ठरली. मुलीचे वडील म्हणाले, ‘काका, तुम्ही चला. तुम्हाला बोलता येते.’ बोलण्याची वेळ फारशी आलीच नाही. बहुतेकांची मते घरूनच पक्की होऊन आली होती. एका गृहस्थांना म्हणे लहानपणी मास्तरसुद्धा ‘ढोल्या’ म्हणत आणि त्यांचे काही बिघडले नाही. बिघडले नसेलही. पण त्यांचा ‘ढोल्या’ शाळा सुटली की फाटकापाशी थांबत असे. हा स्टिकर रात्री साडेअकराला उशीपाशी येतो, आणि पाठवणाऱ्याला समोरचा चेहराही दिसत नाही. दुसऱ्या एकांनी आयटी कायद्याच्या ‘६६अ’ कलमाची धमकी दिली. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले. मुलांच्या अश्लील चित्रांसाठी ‘६७ब’ आहे, पॉक्सो आहे. पण डुकराच्या कानांसाठी बारा-तेरा वर्षांच्या पोरांना पोलिसांपुढे उभे करावे, असे मुलीच्या आईलाही वाटत नव्हते. शाळेचे म्हणणे एवढेच, की प्रकार शाळेच्या वेळेत घडलेला नाही.

एकमत झाले ते एकाच गोष्टीवर : फोन काढून घ्या. इथे मात्र मी तोंड उघडले. मुलगी पंधरा दिवस गप्प का राहिली? फोन जाईल म्हणून. आईला तिने नंतर तसे सांगितलेच होते. जिचा छळ झाला तिचाच फोन आधी जप्त होणार, हे मुले ओळखून असतात. शिवाय २०२० मध्ये करोनाने शाळा बंद पडल्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घरोघरी हे फोन मुलांच्या हाती मोठ्यांनीच दिले. वर्ग पुन्हा भरले. फोन कुठे परत आले?

बँकेच्या अर्जावर अठरा वर्षांखालच्या खातेदाराला ‘अज्ञान’ म्हणतात. माझी उभी नोकरी या शब्दावर शिक्के मारण्यात गेली. तरी दहा वर्षांवरच्या अज्ञानाला स्वतः बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दिली. मात्र रकमेला मर्यादा घालून. मुलांच्या सिमकार्डावर नाव आईबापांचेच असते. मर्यादा कुठली, ते मुलाशी बोलून ठरवलेले घर मला त्या बैठकीत एकही भेटले नाही. चोरून फोन तपासणारी मात्र चार-पाच निघाली.

‘आमच्या मुलाने तो केला नाही, फक्त पुढे पाठवला,’ असे एक बाई बैठकीत ठासून सांगत होत्या. निघताना त्या जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, ‘काका, तो स्टिकर त्याने मला आधीच दाखवला होता. कुणाचा आहे, तेही विचारले नाही मी. हसले.’