'वहिनी, चिरा पाणी पितोच!'
मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि मे महिन्यात केलेल्या नव्या गिलाव्याला ओल येते! रत्नागिरीत हे नवीन नाही. ठेकेदाराला फोन लावावा, तर म्हणतो, "वहिनी, चिरा पाणी पितोच हो!" पितो, म्हणूनच तर गिलावा केला ना? पण भांडत बसू नका. तारखेसह फोटो काढा, दुरुस्तीला मुदत देऊन स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. तरीही दाद नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार २ वर्षांत तक्रार करता येते. काम ५ लाखांपर्यंतचे असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र पैसे दिल्याचा पुरावा हवा. आणि आपण तर 'घरचाच माणूस' म्हणून सगळे रोख देऊन मोकळ्या! थोडे पैसे पाऊस पडेपर्यंत राखून ठेवले, तर हाच माणूस आपणहून शिडी घेऊन येतो.