बोलू नकोस, नुसती बस!

अप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी माझी पुण्याच्या ऑफिसमधली मैत्रीण रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या आमच्या गावी आली. चपला काढल्या, माझ्याशेजारी बसली. तासभर. एक शब्द नाही!

खरं सांगू? मला रागच आला. तोवर येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं गं?’ विचारत होता आणि मी अटॅकची तीच कहाणी पंधराव्यांदा सांगत होते. मोबाइलवर ‘आरआयपी’चा पाऊस. ऑफिसवाल्यांचं ठरलेलं ‘काही लागलं तर सांग’. (काय लागतंय हे कळायला डोकं ठिकाणावर लागतं हो!) आणि ही बाई गप्प. शेवटी मीच बोलायला लागले. अटॅकचं नाही. अप्पा मला स्टँडवर सोडायला यायचे आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहायचे, ते. तीन दिवसांत पहिल्यांदा रडले.

वर्षभराने तिची आई गेली, ठाण्यात. मैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे आपली मराठी ज्यू. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवली गेलेली ही मंडळी. घरात मराठी, आडनाव गावावरून ‘कर’. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. हिचं घर राहिलं.

मी दारातूनच सुरू झाले, ‘अगं, कसं झालं? त्रास नाही ना झाला फार?’ तिच्या काकांनी हळूच मला खाली बसवलं. ‘बाळ, आमच्यात भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचं नसतं. दुःखातला माणूस बोलला, की मग.’

तेव्हा कुठे ट्यूब पेटली!

ते सात दिवस म्हणजे ‘शिवा’. आपला शिवा नव्हे, हिब्रूत सात. घरचे जमिनीलगत बसतात, लोक येतात. न बोलण्याचा हा रिवाज ईयोबाच्या गोष्टीतला. त्याचं सगळं गेल्यावर तीन मित्र आले आणि त्याचं दुःख बघून सात दिवस, सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले. पुढे त्यांनी तोंड उघडलं, ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ म्हणाले आणि सगळा घोळ झाला. आपण बहुतेक थेट या दुसऱ्या भागापासूनच सुरुवात करतो.

दफनानंतरचं पहिलं जेवणही घरच्यांनी स्वतःचं खायचं नाही, ते शेजाऱ्यांनी आणायचं. त्यात उकडलेली अंडी हवीतच. ‘अहो काका, हा तर आमचा कडू घास!’ आमच्याकडे चूल बंद असते तेव्हा भावकी पिठलं-भाकरी घेऊन येते. काय लागेल ते सांग, असं कुणी म्हणत नाही. भाकरी येते.

संध्याकाळी तिच्या भावाला कद्दीश म्हणायचं होतं. त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ठाण्यात त्यांचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे, पण माणसं आता विरळ. काका फोन फिरवत होते. सात झाले. आठ. नववे आजोबा काठी टेकत जिना चढून आले. मग बराच वेळ कुणी नाही.

मी त्या मोजणीत नव्हते. मैत्रिणीशेजारी बसून होते. तिने न बघताच माझा हात धरला आणि आईच्या बिरड्याबद्दल सांगायला लागली.

पावणेआठला बेल वाजली. लॅपटॉपची बॅग तशीच खांद्यावर, हातात हेल्मेट, घामाघूम. ‘सॉरी, ट्रॅफिक,’ एवढंच म्हणाला आणि भावाशेजारी जाऊन उभा राहिला.