अमृता कीं नरक्या?

आमच्या तुमसराजवळ चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. खनिज एकदां काढलें कीं पुन्हां उगवत नाहीं, हें येथल्या मुलांसहि ठाऊक आहे. झाडाचें तसें नाहीं, अशी आपली समजूत असते; ती सह्याद्रींतील एका झाडानें डळमळीत केली आहे.

या झाडास कोणी अमृता म्हणतात, कोणी नरक्या. फुलांच्या दुर्गंधीमुळें दुसरें नांव पडलें असावें. पण एकाच वृक्षास दोन्ही लोक लाभावेत, हें कोशकारांसहि सुचलें नसतें! याच्या लाकडांत कँप्टोथेसिन हें कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारें द्रव्य आहे. तें प्रथम सांपडलें चिनी झाडांत. नंदुरबार येथें १९२५ सालीं जन्मलेले मनसुख वाणी यांनीं अमेरिकेंत मन्रो वॉल यांच्यासह १९६६ सालीं त्याची घडण प्रसिद्ध केली. नरक्यांतहि तेंच आहे, हें १९७२ सालीं गोविंदाचारी व विश्वनाथन् यांनीं दाखविलें.

मग तें प्रयोगशाळेंत कां घडवूं नये? १९७१ सालींच स्टॉर्क व शुल्ट्झ यांनीं साध्या द्रव्यांपासून तें घडविलें होतें. यास संपूर्ण संश्लेषण म्हणतात. परंतु या रेणूचीं उजव्या-डाव्या जोड्याप्रमाणें दोन रूपें होतात. त्यांच्या पात्रांत दोन्ही उतरलीं, आणि गुण एकाच रूपांत! निव्वळ नैसर्गिक रूप कोरी यांनीं १९७५ सालीं साधलें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतहि पुढें हें संश्लेषण झालें.

मूळ द्रव्य रोग्यांस सोसेना. त्यांत फेरफार करून केलेलीं टोपोटेकान व आयरिनोटेकान हीं औषधें १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालीं. पहिलें अंडाशयाच्या व दुसरें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर देतात. ज्यांच्या घरांत हा रोग शिरला आहे, त्यांस या नांवांचें मोल सांगावयास नको.

तरीहि कच्चा माल बहुतांशीं झाडांतूनच येतो. कारण साध्या त्रैराशिकाचें आहे. संश्लेषणाच्या दहा पायऱ्या धरल्या आणि प्रत्येकींत शेंकडा ८० माल हातीं लागला, तरी शेवटीं शेंकडा ११ देखील उरत नाहीं. उलट लाकूड तोडणारास ना काचपात्र लागतें, ना पदवी. सुक्या लाकडांत हें द्रव्य शेंकड्यास एक भागहि नसतें. म्हणून थोड्या औषधासाठीं पुष्कळ झाडें पडतात, आणि कोंकणांत व घांटमाथ्यावर तीं बेसुमार पडलीं. बुंधा राखून तोडल्यास नरक्यास पुन्हां धुमारे फुटतात. पण मुळांतहि औषध असतें, हें ठेकेदारास कळलें आहे, आणि तो झाड मुळासकट उपटतो.