आधी डोळ्यांचा रंग ओळखा, मग आयशॅडो निवडा

चांदरात जवळ आली की बाजारात आयशॅडोच्या डब्यांवर झुंबड उडते. मोबाइलवर कुणाचा तरी मेकअप पाहून आपणही तोच डबा आणतो. घरी लावून बघितला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं आणि डबा कपाटात पडून राहतो. दोष रंगाचा नसतो, तो रंग आपल्या डोळ्यांसाठी नसतो इतकंच. म्हणून आज आपण यामागचं साधं गणित समजून घेऊ या.

रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग एकमेकांना उठाव देतात. नारिंगीसमोर निळा, लालसमोर हिरवा आणि पिवळ्यासमोर जांभळा. आयशॅडो निवडतानाही हाच नियम लक्षात ठेवायचा.

तपकिरी डोळे : आपल्याकडे बहुतेकींचे डोळे असेच असतात. तपकिरी म्हणजे गडद नारिंगीच, त्यामुळे नेव्ही ब्लू, मोरपिशी आणि जांभळा छान उठून दिसतो. सोनेरी आणि तांब्याचा रंगही शोभतो.

काळेभोर डोळे : सगळ्या पापणीवर काळा रंग फासला तर डोळे आत गेल्यासारखे दिसतात. पापणीच्या मधोमध फिकट सोनेरी लावा, गडद रंग फक्त बाहेरच्या कोपऱ्यात ठेवा.

घारे डोळे : कोकणात असे डोळे नवलाचे नाहीत. त्यांत हिरवट छटा असेल तर वांगी, डाळिंबी किंवा गुलाबीसर रंग घ्या.

निळसर किंवा राखाडी डोळे : पीच, तांबूस, उबदार तपकिरी. गडद निळ्या आयशॅडोपुढे असे डोळे फिके पडतात.

आपला रंग नक्की कोणता, हे ट्यूबलाइटखाली कळत नाही. दिवसा खिडकीपाशी आरसा घेऊन बघा. रंगीत लेन्स घालत असाल तर लेन्सच्या रंगाप्रमाणे आयशॅडो घ्या. लेन्स आधी घालायची, मेकअप नंतर. आणि एकमेकींच्या लेन्स कधीच वापरू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. रंग जमला नाही तर धुता येतो, डोळ्याला झालेली इजा धुता येत नाही. कंपनीचं नाव आणि तारीख नसलेला स्वस्त डबा घेऊ नका. शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणलेली चमकी पापणीवर लावू नका, तिचे कण डोळ्यात जाऊन बुबुळाला ओरखडा पडू शकतो. मस्कारा तीन-चार महिन्यांनी बदला. डोळे आले असतील तर मेकअप बंद ठेवा आणि ब्रश कुणालाही देऊ नका.

सुरम्याबद्दलही सांगायला हवं. कित्येक घरांत नानी-दादी मोठ्या प्रेमाने बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालतात. पण बाजारातला बराचसा सुरमा गॅलेना नावाच्या दगडापासून बनतो, आणि गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड, म्हणजेच शिशाचं संयुग. शिसं शरीरात गेलं तर मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. त्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. अमेरिकेत तर अशा सुरम्याला सौंदर्यप्रसाधन म्हणून परवानगीच नाही. तेव्हा बाळाच्या डोळ्यांत सुरमा नकोच. मोठ्यांनीही त्यात शिसं नाही याची खात्री करूनच तो वापरावा.

घरातल्या मोठ्यांना हे समजावताना वाद घालू नका, प्रेमाने सांगा. नातवंडांच्या डोळ्यांची काळजी त्यांनाही तितकीच असते.