झेरॉक्सच्या गठ्ठ्यात दुसऱ्याचं पान: सर्व्हरलेस वेबसाइट आणि मेमरीची चूक

दुकानाची वेबसाइट सर्व्हरलेसवर टाकली, आता टेन्शन नाही, असं वाटत असेल तर आजचा विषय तुमच्यासाठीच आहे.

सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नाही असं नव्हे. तो असतोच, फक्त आपण सांभाळत नाही. 'एज' म्हणजे तो ग्राहकाच्या जवळ असतो. पनवेलच्या ग्राहकाला तुमचं पान थेट मुंबईतून मिळू शकतं, म्हणून साइट पटकन उघडते. पण त्याच मशीनवर इतर असंख्य दुकानांचंही काम चालू असतं. स्वस्त पडतं ते म्हणूनच.

आता झेरॉक्सचं दुकान डोळ्यांसमोर आणा. गठ्ठ्यात तुमची दहा पानं, त्याखाली दुसऱ्या ग्राहकाची आधार कार्डं. पोराला सांगितलं, "आकडा दहा झाला की थांब." नववं आणि दहावं पान चिकटून गेलं, नऊनंतर थेट अकरा आलं. दहा दिसलाच नाही, पोरगा कॉप्या काढतच सुटला! "दहा किंवा दहाच्या पुढे" असं सांगितलं असतं तर थांबला असता.

क्लाउडफ्लेअर या मोठ्या एज कंपनीत नेमकं हेच झालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांना ते दिसलं. प्रोग्रॅममध्ये 'शेवट ओलांडला का' असं तपासायच्या जागी 'बरोबर शेवटावर आहे का' एवढंच तपासलं जात होतं. एचटीएमएल अर्धवट असलेलं एखादं पान आलं की प्रोग्रॅम पुढची मेमरी वाचायचा आणि दुसऱ्याच साइटचे पासवर्ड, कुकी भलत्याच पानात जायच्या. काही तर सर्च इंजिनांनीही साठवून ठेवल्या. याला 'क्लाउडब्लीड' म्हणतात. कंपनीने सात तासांच्या आत दुरुस्ती केली, पण गळती सप्टेंबर २०१६ पासून होत असण्याची शक्यता होती.

लक्षात घ्या, चुकीचं पान एकाचं, माहिती गेली दुसऱ्याची. कुलपाचं चिन्ह वाटेतल्या चोराला अडवतं, मेमरीतल्या गळतीला नाही.

सी भाषेत हद्द सांभाळणं प्रोग्रॅमरवर असतं. रस्टसारख्या भाषेत ती तपासणी भाषाच करते. म्हणूनच क्लाउडफ्लेअरने पुढे पिंगोरा हे सॉफ्टवेअर रस्टमध्ये लिहिलं.

ही चूक आपण दुरुस्त करू शकत नाही. पण एवढं नक्की करा:

१. होस्टिंगचं खातं स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाइटवाल्याच्या ईमेलवर असेल तर धोक्याची सूचना त्याला जाईल, तुम्हाला नाही.

२. अशी बातमी आली की पासवर्ड आणि एपीआय की लगेच बदला, सगळ्यांना लॉगआउट करा.

३. ग्राहकाची नको ती माहिती मागूच नका. डिलिव्हरीला आधार नंबर कशाला?

४. कार्डाचे तपशील पेमेंट गेटवेच्या पानावरच भरू द्या.

जे आपण घेतलंच नाही, ते आपल्याकडून गळणार कसं? आजच खातं उघडा आणि पहिला मुद्दा तपासा. भेटू पुढच्या व्हिडिओत!