वेळासचे पाहुणे

सुटी लागली कीं सहकुटुंब कोठें तरी जाऊन यावें, ही चाल आतां आपल्या घराघरांत रूढ झाली आहे, आणि ती वाईट आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. आमच्या लहानपणीं प्रवास म्हणजे लग्नकार्य, तीर्थयात्रा किंवा आजोळ. नुसती हवा पालटावयास जाणें हें श्रीमंतांचें किंवा दुखणेकऱ्यांचें काम. आतां परीक्षेचा शेवटचा पेपर संपण्यापूर्वींच घरांत खल सुरू होतो. मुलें सुचवितात, आजोबा हरकत घेतात, आणि अखेर बहुमतानें समुद्र ठरतो. मात्र आपण जातों त्या गांवाचें आपल्या जाण्यानें काय होतें, हा प्रश्न या खलांत सहसा निघत नाहीं. तो निघावा अशी आमची इच्छा आहे. आणि कोरड्या उपदेशापेक्षां एखादें उदाहरण बरें, म्हणून रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोंकावरील एका लहानशा गांवाची हकीकत येथें देत आहों.

हें गांव मंडणगड तालुक्यांतील वेळास. नाना फडणविसांचें मूळ गांव म्हणून त्याचें नांव वाचकांस ठाऊक असेलच. बाळाजी विश्वनाथ पेशवे श्रीवर्धनचे, भानु घराणें वेळासचें, आणि मध्यें सावित्रीची खाडी. त्या खाडीच्या दोन बाजूंनीं निघालेलीं हीं दोन घराणीं पुढें पुण्यास राज्याचा कारभार पाहूं लागलीं. पण जे गेले ते गेले. कोंकणाची ही जुनीच कथा आहे. कर्तबगार मुलगा घाटावर किंवा मुंबईस जावयाचा, आणि गांवीं राहावयाचीं म्हातारीं माणसें, आंब्याचीं झाडें व महिन्याच्या महिन्यास येणारी मनीऑर्डर. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्या बसत गेल्या, तेव्हां पुष्कळ घरांची ती मनीऑर्डरही आटली.

अशा या गांवच्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत रात्रीं समुद्रकासवांच्या माद्या येतात. ऑलिव्ह रिडले ही त्यांची जात. भरतीच्या रेषेच्या वर येऊन मादी मागच्या वल्ह्यांनीं हातभर खोल खड्डा करते, त्यांत शंभर-सव्वाशें अंडीं घालते, वाळू लोटून अंगाच्या भारानें ती थापटते, आणि मागें वळून न पाहतां समुद्रांत निघून जाते. पुढें सुमारें पन्नास दिवस सारी भिस्त वाळूच्या उबेवर. ही ऊब नुसतीं अंडीं उबवीत नाहीं. पिलूं नर निघावें कीं मादी हेंही तीच ठरविते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. पूर्वीं या अंड्यांवर कोल्हा, कुत्रा आणि माणूस या तिघांचा डोळा असे. माणूस तीं खाई आणि विकीही. कायद्यानें हा गुन्हा आहे खरा, पण कायदा वाळूपर्यंत पोंचावयास फार वेळ लागतो.

२००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेचे लोक समुद्रगरुडाची पाहणी करीत किनाऱ्यानें हिंडत असतां वेळासला हा प्रकार त्यांच्या ध्यानीं आला. भाऊ काटदरे यांच्या या संस्थेनें शहाणपणाची गोष्ट ही केली कीं, बाहेरून पहारेकरी न आणतां गांवकऱ्यांनाच या कामांत घेतलें. पहांटे किनाऱ्यानें फिरून मादीच्या पावलांची खूण शोधावयाची, अंडीं अलगद काढून कुंपण घातलेल्या जागीं तशाच खड्ड्यांत पुरावयाचीं, दिवस भरत आले कीं वर टोपली झांकावयाची, आणि पिलें वर आलीं कीं सकाळीं अगर संध्याकाळीं समुद्राजवळ सोडावयाचीं, असा क्रम बसला. मुठींत मावेल एवढें तें पिलूं वाळूवरून धडपडत लाटेकडे जातें, लाट त्याला मागें फेंकते, आणि तें पुन्हा निघतें. हजारांत एखादेंच मोठें होतें म्हणतात. हें पाहावयास लोक येऊं लागले, आणि २००६ च्या सुमारास त्याचा ‘कासव महोत्सव’ झाला. पुढें २०२२ च्या जानेवारींत याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नांवाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं जोडलेलें यंत्र बसवून तिचा समुद्रांतील मार्गही शास्त्रज्ञांनीं टिपला.

लोक आले, पण उतरावे कोठें? गांवांत तेव्हां धर्मशाळा नाहीं, खाणावळ नाहीं. म्हणून ते गांवकऱ्यांच्या घरींच उतरूं लागले. पडवींत किंवा माजघरांत निजणें, घरांत शिजेल तें जेवणें. आमच्या मतें या साऱ्या हकीकतींतील मुख्य गोष्ट ती हीच. कासवें वांचलीं याचा आनंद आहेच. पण तीं वांचल्याचा पैसा ज्या चुलीवर भात शिजला त्या चुलीपर्यंत पोंचला, म्हणून गांवालाही राखण करावीशी वाटली.

येथें एक गंमत सांगितल्यावांचून आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसास राहवत नाहीं. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ति. आजचा पाहुणा महिनाभर आधीं भ्रमणध्वनीवरून दिवस व घटका ठरवून, निम्मे पैसे आगाऊ धाडून येतो. त्याला अतिथि कसें म्हणावें? वेळासला तिथीवांचून येणारें असें एकच, आणि तें म्हणजे टोपलीखालचें पिलूं. तें आलें नाहीं कीं हे तिथि ठरवून आलेले पाहुणे रागावतात, ‘पैसे फुकट गेले’ म्हणतात. असा एक गृहस्थ राखणदारावर आवाज चढवून बोलतांना आम्हीं स्वतः ऐकला आहे. राखणदार शांतपणें एवढेंच म्हणाला, “मी सांगून बघतो हो त्यांना.”

पैशांचा विषय निघाला आहे तर एका नाजूक बाबीचाही उल्लेख करणें प्राप्त आहे. घरीं आलेल्याला जेवूं घालून त्याच्याकडून पैसे घ्यावयाचे, याची आपल्या लोकांस अजूनही मनांतून लाज वाटते. स्मृतिकारांनीं शिजविलेलें अन्न विकणें ब्राह्मणाला निषिद्ध ठरविलें हें खरें. परंतु मनूच्या त्याच यादींत दूध, दहीं, तूप, तेल, मध आणि मीठ हेही पदार्थ आहेत, आणि ते विकणाऱ्या आपल्या आप्तांशीं आपण सोयरीक करतांना अडखळत नाहीं. चार वाजतां उठून पाणी तापविणारी, वीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी, तांदळाची उकड मळून मोदक वळणारी गृहिणी अन्न विकीत नसून श्रमाचा मोबदला घेत असते. तिला खरी लाज वाटावयास लावतो तो शेवटच्या दिवशीं ओसरीवर उभा राहून “अहो, आम्ही काय फार जेवलों? कांहीं तरी कमी करा,” म्हणणारा पाहुणा. शहरांत एका पेला कॉफीला छापील किंमत निमूट देणारा हाच मनुष्य असतो. आणखी एक. जेवणाचे पैसे शक्यतों रांधणारीच्या हातीं द्यावेत. आपल्या एकत्र कुटुंबांत सुनेच्या श्रमाचा हिशेब कोणत्याच वहींत लिहिला जात नाहीं हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. या धंद्यानें तो प्रथमच लिहिला जाऊं लागला आहे.

पाहुण्याचा रुपया पुढें कोठें जातो, हें पाहण्यासारखें आहे. घरगुती जेवणासाठीं दूध शेजारच्या गोठ्यांतलें येतें, नारळ परसांतला किंवा भावकींतल्या कोणाचा, भांडीं घासावयास वाडींतली बाई, मंडणगडाहून आणावयास गांवचाच रिक्षावाला. तोच रुपया बाहेरच्या धनिकानें बांधलेल्या विश्रामधामांत दिला, तर गांवाच्या वांट्यास झाडूवाल्याचा आणि पहारेकऱ्याचा पगार येतो. नफा शहरांत जातो. आणि जो पाहुणा मोटारींत चिवडा, पाव आणि पाण्याच्या बाटल्या भरून सकाळीं येतो व संध्याकाळीं परततो, त्याच्याकडून गांवाला रिकाम्या बाटल्या मिळतात. खोल्या मिळवून देणारे दूरस्थ मध्यस्थही हल्लीं झाले आहेत. त्यांची दलाली शेवटीं यजमानाच्याच वांट्यांतून कापली जाते. एकदां घर माहीत झालें कीं पुढच्या खेपेस सरळ त्या घरींच दूरध्वनि करावा.

हा आधार किती मोलाचा, तें २०२० नंतर कळलें. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस जमिनीवर चढलें. (नांव ठेवणाऱ्याची रसिकता धन्य होय.) श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या, छपरें उडालीं, आणि तेंही टाळेबंदीमुळें पाहुणे बंद असतांना. भात पडला तर पुढच्या पावसांत पुन्हा लावतां येतो. वाडीचें तसें नाहीं. पोफळ लावल्यापासून सुपारी हातीं यावयास पांच-सात वर्षें लागतात, नारळाला तितकीं किंवा त्याहून अधिक. म्हणजे त्याच पावसाळ्यांत ज्यानें रोपें लाविलीं, त्याचें उत्पन्न आतां कोठें सुरू व्हावयाचें. मधलीं वर्षें खावयाचें काय? टाळेबंदी उठल्यावर ज्या घरीं पाहुणे पुन्हा येऊं लागले, त्या घराला निदान वाट पाहण्याची ताकद आली. ज्याला तो जोडधंदा नव्हता त्याच्यापुढें पुन्हा मुंबईचीच वाट. म्हणून कोंकणांत सहलीस जाणें ही केवळ चैन आहे, असें निदान त्या भागापुरतें आम्हांस म्हणवत नाहीं.

विकत घ्यावयाचें तेंही करणाऱ्याच्याच हातचें घ्यावें. अमसुलें कशीं होतात हें आमच्या वाचक भगिनींनीं एकदां पाहावें. पिकलेले रातांबे फोडावयाचे, बिया व गर काढावयाचा, सालें मीठ घातलेल्या त्याच रसांत भिजवून उन्हांत पसरावयाचीं, वाळलीं कीं पुन्हा रसांत, पुन्हा उन्हांत. अशीं कित्येक पुटें द्यावीं लागतात, आणि हें सारें वळवाच्या पहिल्या सरीपूर्वीं उरकावें लागतें. ढग आला कीं घरांतलीं मुलेंसुद्धां धांवतात. फणसपोळी, आंबापोळी यांचीही हीच तऱ्हा. कुळथाचें पीठ, पोह्याचे पापड, कोकमाचें आगळ हे जिन्नस घरोघर मिळतात. त्यांवर सुबक चिठ्ठी नसते एवढाच दोष. हापूस आंब्याला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तरी शहरच्या बाजारांत पेटीवर रत्नागिरी आणि आंत भलतेंच, हा अनुभव कोणाला नाहीं? बागाइतदाराच्या पडवींत आढी लागलेली डोळ्यांनीं पाहून घेतलेल्या आंब्याला तो संशय उरत नाहीं.

गांवाकडून काय मागूं नये हेंही समजून असावें. कोंकणांत पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, तरी तो डोंगरावरून धांवत समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मेमध्यें विहिरी तळ दाखवितात. तेव्हां नळाखाली अर्धा अर्धा तास न्हाणाऱ्याला यजमानीण कांहीं बोलत नाहीं, पण संध्याकाळचें पाणी तिला दुरून आणावें लागतें. रात्रीं किनाऱ्यावर विजेऱ्या पाजळूं नयेत. पिलें समुद्रावरील उजेडाच्या अंदाजानें दिशा धरतात आणि मागचा झगझगाट त्यांना उलटें नेतो. वाळूवर मोटार घालणाऱ्या तरुणांबद्दल काय लिहावें! त्यांच्या चाकाखालीं एखादें घरटें असूं शकतें, हें त्यांना शाळेंत कोणी सांगितलें नसेल तर तो आमच्या व्यवसायाचा दोष समजावा.

शेवटीं एक गोष्ट खास आमच्या वाचकवर्गासाठीं. आपल्यापैकीं कित्येकांचीं मूळ घरें कोंकणांत कुलुपांत आहेत. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नांवें, त्यांतलीं निम्मीं परदेशीं. कौलें फुटलीं तर वर्गणी कोणी काढावी याचा पत्रव्यवहार चालतो, तोंवर वासे वाळवीनें खाल्लेले असतात. अशीं घरें गांवांतल्याच एखाद्या होतकरू जोडप्यास लेखी करार करून पाहुण्यांसाठीं चालवावयास द्यावीं. भाडें थोडें येईल, वांटणी केल्यावर तर हसूं येण्याइतकें थोडें. पण चूल पेटती राहिली कीं घर उभें राहतें, आणि गणपतींत आपण गेलों तर दार उघडावयास कोणी असतें. राज्याची निवास-न्याहारी योजना आहे, २०२० चें कृषि-पर्यटन धोरण आहे. भावकीच्या सह्या गोळा करण्यापेक्षां सरकारी अर्ज भरणें सोपें, असें आम्ही अनुभवानें सांगतों.

वेळासला जावयाचें तर मुंबई किंवा पुण्याहून माणगांवावरून मंडणगडास यावें. हंगाम साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. घरटीं किती आणि पिलें केव्हां अपेक्षित, हें आधीं गांवांत विचारून निघावें. शनिवार-रविवार टाळले तर गर्दी कमी, आणि यजमानासही आठवड्याच्या मधल्या दिवसांत पाहुणा हवाच असतो. दुपारीं बाणकोटचा किल्ला पाहावा, किंवा वेसवीहून तरीनें पलीकडे बागमांडल्यास उतरून हरिहरेश्वर करून यावें. दक्षिणेस केळशीची महालक्ष्मी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपति आणि अण्णासाहेब कर्व्यांचें मुरूड आहे. मुक्काम मात्र दोन रात्रींचा ठेवावा. पहिल्या सकाळीं टोपलीखालीं कांहीं नसलें, तर दुसऱ्या सकाळीं असण्याचा संभव राहतो.